नमुना क्रमांक सतरा

बाटली निर्जंतुक. तिच्यावर पट्टी, पट्टीवर रकाने:
गाव, गट नंबर, उद्भव, खोली.
मी लिहिलं, विंधन विहीर, सहाशे चाळीस फूट.
मोटार लावली, पाच मिनिटं पाणी वाहू दिलं
(नियम आहे तसा)
आणि बाटली नळीखाली धरली.

मल्लव्वा उंबऱ्यावरनं म्हणाली,
"सायेब, नळीला तोंड लावत न्हाई ती.
डोणीतलं पिती."

डोण एका दगडाची.
काठ एका जागी खोलगट, गुळगुळीत.
चाळीस वर्षं माना घासून घासून
दगडाला गळा आला आहे.
पाण्याच्या रेषेवर पांढरा पापुद्रा,
नखानं खरवडला की मिठासारखा सुटतो.
तळाशी शेवाळ, कडब्याची काडी,
बुडालेली गांधीलमाशी,
आणि जत तालुक्याचं आभाळ, कोरंच्या कोरं.

कोसी आली. खिलार, चार महिन्यांची गाभण.
हुंगलं. पाण्यावर फुंकर मारली,
आभाळ जरा बाजूला सारलं.
दोन घोट. मान वर.
ओठावरून थेंब गळत राहिले
आणि ती माझ्याकडं बघत राहिली.
तक्रार नाही, काही नाही.
नुसती उभी.

"एका दमात दोन बादल्या ओढायची," मल्लव्वा म्हणाली,
"आता असं. तिच्या जिभंला कळतंय.
आमाला चहातबी कळंना झालंय."

मग तिनं मला गुळाचा खडा दिला, तांब्या दिला.
पाणी गार, कशाचीच चव नसलेलं.
देवळापाशी मशीन आहे, पाच रुपयाला जार.
घर जारचं पितं.
कोसीनं कान हलवला, बहुतेक माशीसाठी.
मी तांब्या खाली ठेवला. अर्धा.

डेअरीत तीन लिटर जायचं, ते दीडवर आलंय.
काट्यापाशी इरगोंडा नळीत दूध घेतो,
मशीन चिर्र करतं,
फॅट, एसएनएफ, पाणी शून्य टक्के.
हे सांगताना मल्लव्वा हसली.
"दुधात पानी घातलंय का, ते मशिन सांगतंय.
गाईत कसलं पानी घातलंय, ते कोन इचारतंय?"

मी दुसरी बाटली काढली.
कोपरापर्यंत हात घातला
आणि दगडाचा गळा आहे तिथून भरली.
शेवटचा रकाना, वापर.
पर्याय दोनच: पिण्यासाठी, शेतीसाठी.
पेन थांबलं.
पहिल्यावर खूण केली, तर वरून विचारतील, कोण पितं?
समासात लिहिलं: कोसी.
मग वाटलं खोडावं.
खोडलं नाही.

अठरा दिवसांनी कागद आला.
गोल शिक्का, खाली सही, मधे दोन शब्द: पिण्यास अयोग्य.
तो घेऊन परत गेलो.
"अयोग्य म्हंजे मग काय पाजू?"
ते कागदावर नव्हतं.

तिनं तोवर डोण उपसली होती,
काथ्यानं घासली, चुना फासून उन्हात वाळवली.
पन्हाळीखालच्या पिंपात अवकाळीचं पाणी साठलेलं,
त्यातलं निम्मं, बोअरचं निम्मं,
असं ती रोज काठीनं ढवळते,
जसं ताक.
माझ्यादेखत कोसी प्यायली.
गळ्यातून लाट खाली जाताना दिसते,
मी मोजल्या, अकरा. मग शेपटी.
"पिंप कुठवर पुरंल?"
मल्लव्वानं पिंपावर टिचकी मारली.
आवाज वरच्या अंगाला पोकळ आला.

निघताना, ती आत गेली तेव्हा,
बोअरच्या नळीखाली बोट धरून जिभेला लावलं.
खारट. खारटाच्या मागं गंज.
त्याच्याही मागं काहीतरी,
ज्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

नागज फाट्यावर चहा घेतला.
गेली नाही चव.
दुसरा सांगितला.